बेलाभूमीचे कप

"हे बघ," म्हणत अजेयनं मोबाइल तिच्यासमोर धरला. रविवारची सकाळ होती. डायनिंग टेबलावर पोह्यांच्या रिकाम्या बशा तशाच पडल्या होत्या आणि न्यू अलीपूरच्या त्या कंपनीच्या फ्लॅटमधला पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता. देवयानीनं ओले हात गाऊनला पुसले आणि वाकून बघितलं. फोटोत एक बाल्कनी होती. वेताचं छोटं टेबल, त्यावर क्रॉसस्टिचचा टेबलक्लॉथ, त्यावर दोन कपबशा, आणि पलीकडे कोवळ्या उन्हातला समुद्र. एक खुर्ची किंचित मागे सरकवलेली, जणू कोणी शाल आणायला आत्ताच आत गेलंय. "याला म्हणतात निवांतपणा," अजेय म्हणाला. "बक्खाली म्हणे. आपण कधी नावसुद्धा ऐकलं नव्हतं. ऑफ-सीझन आहे, गर्दी नसणार. जायचं का दोन दिवस?" तो फोटो देवयानीनं काढला होता. टेबलक्लॉथ तिच्या आईनं भरला होता. आणि कप, ते दोन्ही कप, तिच्याच स्वयंपाकघरातले होते. त्यांतला एक या क्षणी अजेयच्या दुसऱ्या हातात होता, आणि चहा खाली गेल्यामुळे त्याच्या आतलं निळं फूल अर्धंअधिक दिसायला लागलं होतं.

ती थांबली. आता त्याची नजर फोटोवरून हातातल्या कपावर जाईल, मग पुन्हा फोटोवर जाईल, मग तो जोरात हसेल आणि म्हणेल, अगं, हे तर आपले! तिनं हसायची तयारीसुद्धा करून ठेवली. पण अजेयनं उरलेला चहा एका घोटात संपवला, कप बशीत ठेवला आणि अंगठ्यानं फोटो मोठा केला. "बघ, किती स्वच्छ ठेवलंय," तो म्हणाला. "फोटो बघूनच जावंसं वाटतं." "छान आहे," देवयानी म्हणाली, आणि टेबलावरच्या बशा गोळा करून आत गेली. नळ सोडल्यावर तिच्या लक्षात आलं की आपला चेहरा अजून हसण्याच्या बेतातच आहे.

ते कप तिच्या रुखवतातले. मिरजेच्या कार्यालयात, लाडवांच्या टोपल्या आणि साखरेच्या तुळशीवृंदावनाशेजारी, आईनं तो सेट स्वतःच्या हातानं मांडला होता. फिकट पिवळे, काठाला बारीक तपकिरी रेघ, आणि आतल्या बाजूला, काठाच्या जरा खाली, एकच निळं फूल. बाहेरून बघणाऱ्याला ते दिसायचंच नाही. पिणाऱ्यालाच दिसणार, आणि तेही अर्धा चहा संपल्यावर. आई म्हणाली होती, "दुकानात बाहेरून फुलं काढलेलेच जास्त होते. मी मुद्दाम हे घेतले." तिथून ते कप तिच्याबरोबर पानिपतला गेले, हल्दियाला गेले, मथुरेला, विशाखापट्टणला, आणि आता कोलकात्याला. अजेयच्या तेल कंपनीची बदलीची ऑर्डर आली की पॅकिंगवाली माणसं यायची, कपाटं आणि पलंग बांधून न्यायची, पण कपांना देवयानी कुणाला हात लावू द्यायची नाही. वर्तमानपत्राचा एक कागद आत बोळा करून, दुसरा बाहेरून, कानाला वेगळा पट्टा. तरी हल्दियाला एकाचा कान निखळलाच. तेव्हा अजेयनं एका सुट्टीच्या दिवशी तो चिकटवून दिला होता. जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून, श्वास रोखून, तो कान दाबून धरून बसला होता, आणि लहानगी मुग्धा शेजारी उभी राहून सारखी विचारत होती, झालं का बाबा, आता हलवू का. किती छान दिसत होता तेव्हा तो. आता रोज सकाळी तो नेमका त्याच कानात बोट अडकवून चहा पितो आणि कंपनीच्या बजबजच्या डेपोला निघून जातो.

मुग्धा शिकायला बेंगळुरूला गेली आणि जाताना तिचा कॅमेरा कपाटात राहून गेला, तिथून हे सगळं सुरू झालं. आधी देवयानी घरातलंच काहीबाही टिपायची. खिडकीतलं ऊन, ओट्यावरची कोथिंबीर. मग शिकवणीला गेल्यासारखी फोटोग्राफीच्या एका छोट्या वर्गाला जायला लागली. तिथली श्वेता सॉल्ट लेकमध्ये हॉटेलांच्या खोल्या आरक्षित करून देणाऱ्या एका लहानशा कंपनीत होती. दुर्गापूजेच्या सुट्टीआधी समुद्रकाठच्या सगळ्या हॉटेलांना नवे फोटो हवे असतात, आणि पावसापाण्यात तिकडे जायला कुणी तयार नसतं, तू जाशील का, असं श्वेतानं विचारलं आणि देवयानी हो म्हणून बसली. दिघा, शंकरपूर, ताजपूर, बक्खाली. कधी धर्मतल्याहून बस, कधी सियालदाहून नामखान्याची लोकल. "उद्या मी बक्खालीला जाऊन येते," असं तिनं गेल्या भाद्रपदात सांगितलंही होतं. "गाडी हवी का?" अजेयनं विचारलं होतं. नको म्हणाल्यावर "बरं" म्हणून त्यानं पेपर उलटला होता. वाईट माणूस नव्हे तो. तिच्या तापात रात्रभर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवणारा माणूस. फक्त ती कुठे जाते, हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. तिच्या कामाला तो 'तुझं ते फोटोंचं' म्हणायचा, जसं कुणी 'तुझं ते गुडघ्याचं' म्हणावं.

मोसम संपलेल्या समुद्रकाठची हॉटेलं तिला पहिल्या भेटीतच ओळखीची वाटली होती. भिंतींना ओल धरलेली, गाद्या उभ्या करून ठेवलेल्या, जेवणघरात खुर्च्या एकमेकींच्या मांडीवर बसवलेल्या. अशा खोलीत कुणीतरी राहतंय, सुखात राहतंय, असं दाखवायचं, हे तिचं काम. त्याच्या युक्त्या तिनं स्वतःच शोधल्या होत्या. ओल दिसू नये म्हणून कॅमेरा खाली धरायचा. खिडकी उघडी ठेवून पडदा फुगू द्यायचा. पण सगळ्यात महत्त्वाचे दोन कप. हॉटेलातले कप जाड, टवके उडालेले. म्हणून ती घरून दोन कप न्यायची, ओढणीत गुंडाळून. त्यात चहा ओतायचा नाही, चहावर साय धरते. गुळाचं पाणी ओतायचं. एक कप भरलेला, दुसरा थोडा कमी, म्हणजे कुणीतरी एक घोट घेतलाय असं वाटतं. एकाचा कान उजवीकडे, दुसऱ्याचा डावीकडे. मग ती एकटी त्या टेबलापुढे उकिडवी बसून उजेडाची वाट बघायची, आणि वाट बघता बघता त्या दोन माणसांचं बोलणं तिला ऐकू यायला लागायचं. ती फार काही बोलायची नाहीत. एक म्हणायचं, वारा सुटलाय. दुसरं म्हणायचं, हो ना. तेवढ्यावर देवयानीला भरून यायचं. काम आटोपल्यावर गुळाचं पाणी बेसिनमध्ये ओतताना ती दोघं कुठे जात असतील, याचा विचार करायचं तिनं मुद्दाम टाळलं होतं.

काम झालं की मग ती स्वतःसाठी फोटो काढायची. ताडपत्रीत बांधलेला आकाशपाळणा. शिंपल्यांच्या दुकानांची बंद फळकुटं. सवारीचा घोडा, ज्याच्यावर बसायला कुणी नाही, तरी ज्याच्या आयाळीत मालकानं प्लॅस्टिकची फुलं माळलेली. आणि तो रंगवलेला लाकडी तक्ता, ज्यात नवरा-नवरी होडीत बसलेली असतात आणि चेहऱ्यांच्या जागी दोन भोकं असतात. पर्यटकांनी मागून तोंड घालून फोटो काढून घ्यायचा. मोसम नसला की त्या भोकांतून नुसता समुद्र दिसतो. हे फोटो तिनं कुणालाच दाखवले नव्हते. लॅपटॉपमध्ये त्यांची एक मोठी रांग साठली होती. ते बघताना तिला शांत वाटायचं आणि भीतीही वाटायची, कारण कधी कधी ते दुसऱ्या कुणी तिच्या घराचे काढल्यासारखे दिसायचे.

त्या रविवारनंतर ती अजेयला संधी देत राहिली. सोमवारी तिनं तोच टेबलक्लॉथ काढून डायनिंग टेबलावर अंथरला. "अरे वा, आज काय विशेष?" त्यानं विचारलं आणि त्याच्यावर वरणाचा डाग पाडला. मग तिनं दोन्ही कप अगदी फोटोतल्यासारखे ठेवले, एकाचा कान उजवीकडे, एकाचा डावीकडे. अजेयनं आपला कप फिरवून सरळ करून घेतला. तिला राग आला, आणि रागापेक्षा आपण हे काय पोरकटपणे करतोय याची लाज जास्त वाटली. संध्याकाळी मुग्धाचा फोन आला तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. मुग्धा आधी खूप हसली. "आई, बाबांना माझी शाळेतली तुकडी कधी माहीत नव्हती. सिरियसली, सांगून टाक ना सरळ." "सांगून दिसलं तर ते काय दिसणं?" देवयानी म्हणाली. मग मुग्धा म्हणाली, "तुला नक्की काय हवंय? त्यांनी कप ओळखायला हवेत, की तुला?" या पोरीला कसं बोलावं ते कळत नाही, असं म्हणून देवयानीनं फोन ठेवला. पण मुग्धानं अचूक बोट ठेवलं होतं. तिला एवढंच हवं होतं की या घरात आपण आहोत हे एकदा, न सांगता, कुणाच्या तरी लक्षात यावं. आणि बक्खालीला जायच्या आदल्या दिवशी तिनं ते दोन कप आणि धुतलेला टेबलक्लॉथ ओढणीत गुंडाळून, नेहमीसारखे, बॅगेच्या तळाशी ठेवले.

डायमंड हार्बर रोडवर अजेय खुशीत गाडी चालवत होता. रस्ता देवयानीला पाठ होता. कुठे चहा चांगला मिळतो, कुठल्या वळणावर बाजार भरतो. तो विचारायचा, "इथे थांबायचं का?" आणि ती म्हणायची, "जरा पुढे थांबू," आणि पुढे खरंच चांगलं दुकान लागायचं. "नशीब आहे आपलं," तो म्हणायचा. 'बेलाभूमी' हॉटेलच्या दारात निमाईबाबू, तिथले मॅनेजर, छत्री घेऊन धावत आले. "दिदी! आबार एलेन! एबार दादाके निये!" पुन्हा आलात, या वेळी दादांना घेऊन, असं ते तोंडभर हसत म्हणत होते. तिनं अजेयकडे बघितलं. आता तो विचारणार, पुन्हा म्हणजे? पण अजेय ऑफिसात हिंदी आणि इंग्रजीवर भागवणारा. त्याचं बंगाली 'भालो'पाशी सुरू होऊन तिथंच संपत होतं. "किती आपुलकीनं बोलतात नाही ही माणसं," तो म्हणाला आणि बॅग उचलायला वाकला.

खोली उघडल्यावर मात्र त्याचा चेहरा पडला. भिंतीवर ओलीचा मोठा डाग होता, तिनं उशांमागे लपवलेला तोच. पडदा चिकट झाला होता. बाल्कनीत वेताच्या टेबलाऐवजी प्लॅस्टिकचं होतं. वेताचं तर तिनं निमाईबाबूंच्या ऑफिसातून फोटोपुरतं मागून आणलं होतं. "फसवलं लेकाच्यांनी," अजेय म्हणाला. "फोटोत काय दाखवलं आणि इथे काय आहे बघ. असे फोटो काढणाऱ्यांना धरून आणलं पाहिजे." देवयानी पलंगाच्या कडेवर बसली. तिला हसावं की रडावं कळेना. शेवटी ती म्हणाली, "उजेड चांगला असला की बरं दिसत असेल." "उजेडानं ओल जाते का?" म्हणून तो आडवा झाला आणि थोड्याच वेळात घोरायला लागला.

ती एकटीच खाली उतरली. ओहोटी होती आणि समुद्र इतका मागे गेला होता की त्याचा आवाजही दुसऱ्याच कुठल्या गावातून येत होता. आकाशपाळणा तसाच बांधलेला. घोडा या वर्षी दिसला नाही. लाकडी तक्ता तिथंच होता, पण होडीतल्या नवरीचा रंग पाऊस खाऊन गेला होता आणि नवऱ्याचा कोट तेवढा शाबूत होता. तिनं कॅमेरा काढला, पण डोळ्याला लावला नाही. मागे जाऊन नवरीच्या भोकात तिनं आपला चेहरा घातला. लाकूड ओलं होतं आणि त्याला मिठाचा वास होता. समोर लांबच लांब रिकामी वाळू होती आणि फोटो काढायला कुणी नव्हतं. एवढा एकटेपणा तिला ती खरोखर एकटी यायची तेव्हाही कधी वाटला नव्हता. तेव्हा निदान टेबलावरच्या त्या दोन माणसांचं बोलणं ऐकू यायचं. आज आपण जोडीनं आलोय आणि काही ऐकू येत नाही, असं तिला वाटलं, आणि वाळूतून परत येताना ती कुणाला दिसणार नाही अशा बेतानं थोडी रडली. खरं तर बेताची गरजच नव्हती.

सकाळी पाऊस उघडला होता. अजेय झोपेत असतानाच ती खाली गेली आणि निमाईबाबूंकडे वेताचं टेबल मागितलं. "फोटो, दिदी?" त्यांनी विचारलं. ती नुसती हसली. टेबल वर आलं. तिनं टेबलक्लॉथ अंथरला, वरणाचा पुसट डाग रेलिंगच्या बाजूला येईल असा. कप मांडले. आज गुळाचं पाणी नव्हतं, खालून किटलीभर खरा चहा आणला होता. कान चिकटवलेला कप तिनं त्याच्या बाजूला ठेवला. एक खुर्ची किंचित मागे सरकवली. मग तिनं हाक मारली, "अहो, चहा." डोळे चोळत अजेय बाल्कनीच्या दारात आला आणि थबकला. त्यानं टेबलाकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं, पुन्हा टेबलाकडे बघितलं. "अगं!" तो ओरडलाच. "हे तर... थांब, थांब." तो आत धावला, मोबाइल घेऊन आला, तो फोटो उघडून टेबलाशेजारी धरला. "अगं, हे तेच! टेबल तेच, कापड तेच, कपसुद्धा तेच! उगीच बोललो मी काल. आहे बाबा सगळं यांच्याकडे, मागावं लागतं एवढंच." आणि आनंदानं तो खुर्चीत बसला.

तो चहा प्याला. पिता पिता त्याचं बोट कानावर थांबलं, अंगठा सांध्यावरून फिरला. "हा चिकटवलाय," तो म्हणाला. कप वर उचलून त्यानं उजेडात धरला. "कुणीतरी फार निगुतीनं केलंय काम. जोड दिसतसुद्धा नाही." चहा खाली गेला, निळं फूल वर आलं. अजेय त्याच्याकडे बघत राहिला. "आणि आत फूल! पिणाऱ्यालाच दिसणारं. काय सुंदर कल्पना आहे. आपल्याकडे असे कप असायला हवे होते, नाही का?" ती क्षणभर समुद्राकडे बघत राहिली. सगळं जिभेवर आलं होतं. मिरजेचं कार्यालय, आई, हल्दिया, मुग्धाचं 'झालं का बाबा'. एक वाक्य पुरलं असतं. पण तो इतका खूश होता, आणि इतक्या दिवसांत त्यानं इतका वेळ कशाकडे निरखून बघितलं नव्हतं. "मग घेऊन जाऊ," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बॅगेत टाकते. कोण मोजतंय?"

ऑफिसातलं पेनसुद्धा घरी न आणणारा माणूस तो. तो तिच्याकडे बघत राहिला, पहिल्यांदाच बघितल्यासारखा. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक चोरटं, शाळकरी हसू पसरलं. "देवयानी!" तो म्हणाला. "तू?" तिनं कप विसळले, कालचा पेपर काढला आणि जमिनीवर बसून गुंडाळायला घेतले. अजेय दाराशी जाऊन उभा राहिला, दार किलकिलं करून बाहेर बघत. "लवकर कर. कुणीतरी जिना चढतंय. नाही, गेला." मग त्यानं मागे वळून तिच्या हातांकडे बघितलं. एक कागद आत बोळा करून, दुसरा बाहेरून, कानाला वेगळा पट्टा. "किती सफाईनं गुंडाळतेस गं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "जशी काही सवयच आहे." "आहे," ती म्हणाली. इतक्या बदल्या झाल्या, पण तिला हे करताना त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं होतं.

निघताना निमाईबाबूंनी वाकून नमस्कार केला तेव्हा अजेयनं बॅग पोटाशी घट्ट धरली होती. रस्ताभर तो मधूनच हसत होता. आरशात मागे बघून "पाठलाग तर नाही ना?" म्हणत होता, आणि तीही हसत होती, खरंखुरं, पोट दुखेपर्यंत. डायमंड हार्बरला त्यानं तिच्यासाठी शहाळं फोडून घेतलं. वारा सुटलाय, असं तो म्हणाला. हो ना, असं ती म्हणाली.

घरी पोचल्यावर अजेय अंघोळीला गेला. आतून त्याच्या शीळ घालण्याचा आवाज येत होता. देवयानीनं बॅगेतून दोन कप काढून ओट्यावर ठेवले आणि मग मांडणीकडे बघितलं. मांडणीवर त्याच सेटमधले बाकीचे कप ओळीनं पालथे घातलेले होते, फिकट पिवळे, काठाला बारीक तपकिरी रेघ असलेले. रोज दिसायचे तसेच. उद्या सकाळी चहा घेताना त्याची नजर त्यांच्यावर गेली तर? आजवर गेली नव्हती. पण आता तो कप बघायला शिकला होता. तिनं घाईघाईनं रद्दीतून पेपर ओढला, खाली बसली, आणि बदलीची ऑर्डर आल्यासारखी एकेक कप गुंडाळायला लागली. शीळ थांबायच्या आत सगळे गुंडाळून तिनं स्टुलावर चढून ते वरच्या फळीवर, पिठाच्या मोठ्या डब्यामागे, हात पोचेल तितके आत सरकवून ठेवले.